लोकांचे शब्द, शासनाचे अभिलेख आणि पर्यायकोश

(व्याख्यानाचा मजकूर)



कार्यालयात कागद असतो, परंतु तो वेळेवर सापडत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. कागद गहाळ झाला, वाळवीने खाल्ला किंवा भलत्याच गठ्ठ्यात बांधला गेला, अशी कारणे पूर्वी दिली जात. संगणक आल्यावर ती कारणे बरीचशी मागे पडली. तक्रार मात्र उरलीच. याचे एक महत्त्वाचे कारण असे की, मागणारा ज्या शब्दाने मागतो तो शब्द पुष्कळदा कागदावर नसतो. शेतकरी 'जोंधळा' म्हणतो, परिपत्रकात 'ज्वारी' लिहिलेले असते आणि संशोधन अहवालात त्याच पिकाचे 'सोरघम बायकलर' हे शास्त्रीय नाव असते. पीक एकच; परंतु यंत्राच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे अक्षरसमूह आहेत. एकाची विचारणा केली असता उरलेल्या दोहोंखालील कागद ते दाखवीत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख रीतसर सूचिबद्ध करावयाचे असून, नागरिकाला माहिती मिळणे सुकर होईल अशा रीतीने त्यांची निर्देशसूची ठेवावयाची आहे. 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर दोन प्रसंगी दिले जाते. एक, माहिती खरोखरच नसते तेव्हा. आणि दुसरे, माहिती असते पण विचारलेल्या शब्दाखाली नसते तेव्हा. दुसऱ्या प्रसंगी उत्तर देणारा लिपिक खोटे बोलत नसतो. तथापि नागरिकाचा हक्क बुडतो तो बुडतोच. हे अंतर भरून काढण्याचे जे शास्त्रशुद्ध साधन ग्रंथालयशास्त्राने घडविले, त्यास इंग्रजीत 'थिसॉरस' व मराठीत 'पर्यायकोश' म्हणतात. तो संगणकात कोणत्या स्वरूपात साठवावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कोशांची जुनी परंपरा

अर्थावरून शब्दांची मांडणी करणे भारतीय परंपरेला नवीन नाही. अमरसिंहाचा अमरकोश वर्णानुक्रमाने रचलेला नाही. तीन कांडे आणि त्यांतील विषयवार वर्ग अशी त्याची योजना आहे. स्वर्ग, भूमी, नगर, वनौषधी असे विषय घेऊन एकेका वस्तूची सर्व नावे तेथे एकत्र दिली आहेत. इंग्लंडमध्ये पीटर मार्क रॉजे या वैद्यक व्यावसायिकाने १८५२ साली प्रसिद्ध केलेला थिसॉरस याच जातीचा ग्रंथ होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण राज्यव्यवहारकोशाचे आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी हा कोश रचला. राज्यकारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, 'हा शब्द आढळल्यास त्याऐवजी तो शब्द वापरावा' असे निर्देश देणारा तो नियंत्रित शब्दसंग्रहच होता. त्याच्या इतिहासात एक बोधही आहे. त्या कोशानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे लोटली. तरी जमीन, तहसील, दस्तऐवज, वकील हे शब्द महसुली दप्तरात आणि लोकांच्या तोंडी आजही आहेत. शासनाने एखादा शब्द मान्य केला म्हणजे दुसरा शब्द नाहीसा होत नाही. दोन्ही शब्द जवळ बाळगून त्यांचे नाते नोंदवून ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

शोधासाठी रचलेला कोश

विसाव्या शतकाच्या मध्यावर वैज्ञानिक लेखांची संख्या झपाट्याने वाढली. 'माहितीचा पुनर्शोध' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग अमेरिकेतील केल्व्हिन मूअर्स यांनी १९५० मध्ये रूढ केला. त्यानंतरच्या दशकात लेखकाला शब्द सुचविणाऱ्या कोशापेक्षा वेगळा, शोधणाऱ्याला कागदापर्यंत नेणारा पर्यायकोश आकारास आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली 'मेश' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा वैद्यकीय संज्ञासंग्रह प्रसिद्ध केला व तो आजतागायत अद्ययावत ठेवला आहे. सामान्य माणूस 'हार्ट अटॅक' म्हणून विचारतो. संग्रह त्याला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या मान्य संज्ञेकडे नेतो आणि तिच्याखाली नोंदलेले सर्व लेख पुढे ठेवतो. विचारणाऱ्याला वैद्यकाची परिभाषा येत नाही म्हणून त्याला रिक्त हस्ताने परत जावे लागत नाही.

याच क्षेत्रात भारताचे योगदान मोलाचे आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू वेगळे करण्याची रीत घालून दिली. एखादा लेख कोणत्या वस्तूविषयी आहे, तीवरील कोणत्या क्रियेविषयी आहे, कोणत्या स्थळी व कोणत्या काळी, हे प्रश्न निरनिराळे विचारावेत, असे त्यांचे म्हणणे होते. एक कागद एकाच फडताळात ठेवावा लागतो. परंतु सूचीत तो अनेक पैलूंखाली सापडला पाहिजे. पुढे इंग्लंडमधील वर्गीकरण अभ्यासकांनी हा विचार उचलला आणि पर्यायकोशांच्या रचनेवर त्याचा ठसा उमटला.

ज्वारीचे उदाहरण

पर्यायकोशातील एक नोंद कशी असते, हे एका परिचित पिकावरून पाहता येईल.

ज्वारी
पर्यायी शब्द : जोंधळा, जवारी, सोरघम
व्यापक संज्ञा : तृणधान्ये
सीमित संज्ञा : खरीप ज्वारी, रब्बी ज्वारी
संबंधित संज्ञा : कडबा, हुरडा

येथे तीन प्रकारची नाती आहेत. पहिले नाते पर्यायाचे. 'जोंधळा' या शब्दाखाली आलेल्या माणसाला 'ज्वारी' या मान्य संज्ञेकडे पाठवावयाचे. दुसरे नाते व्यापक व सीमित यांचे. तृणधान्यांविषयी विचारणाऱ्याला ज्वारी, बाजरी, भात या सर्वांचे कागद मिळावेत आणि रब्बी ज्वारीविषयी विचारणाऱ्याला तेवढेच मिळावेत. तिसरे नाते साहचर्याचे. कडबा हा ज्वारीचा प्रकार नव्हे; परंतु चाऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्याला ज्वारीकडे आणि ज्वारीच्या अभ्यासकाला कडब्याकडे वळण्याची सूचना उपयोगी पडते.

याखेरीज आणखी एक दक्षता घ्यावी लागते. एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ते वेगळे करावे लागतात. ज्वारीवर येणाऱ्या एका किडीला 'खोडमाशी' म्हणतात आणि सोयाबीनवरील एका किडीलाही 'खोडमाशी'च म्हणतात. प्रत्यक्षात हे दोन भिन्न कीटक आहेत. एकीचा सल्ला दुसरीसाठी हाती पडल्यास शेतकऱ्याचा खर्च वाया जातो आणि हंगामही निघून जातो. म्हणून कोशात 'खोडमाशी (ज्वारी)' व 'खोडमाशी (सोयाबीन)' अशा दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्या लागतात. पंचायतीच्या कारभारात 'गट' या शब्दाचे असेच आहे. जमिनीचा गट क्रमांक, महिलांचा बचत गट आणि जिल्हा परिषदेचा निवडणूक गट या तीन गोष्टी एकाच शब्दात सामावल्या आहेत. अशा प्रत्येक नोंदीला तिचा नेमका अर्थ सांगणारी एक लहान व्याप्तिटीप जोडण्याची पद्धत आहे.

छापील कोशाकडून तक्त्यांकडे

छापील पर्यायकोशात प्रत्येक नाते दोनदा छापावे लागते. 'ज्वारी'खाली 'तृणधान्ये' ही व्यापक संज्ञा द्यावयाची आणि 'तृणधान्ये'खाली 'ज्वारी' ही सीमित संज्ञा द्यावयाची. एक बाजू दुरुस्त झाली व दुसरी राहून गेली, असे हमखास घडते. एखादी मान्य संज्ञा बदलली तर ती जेथे जेथे आली असेल तेथे तेथे खाडाखोड करावी लागते.

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग डेटाबेसच्या शास्त्राने दाखविला. १९७० साली आयबीएम कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी असा विचार मांडला की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट एकदाच नोंदवावी आणि तक्त्यांतील समान क्रमांकांच्या आधारे हवी ती जुळणी करून घ्यावी. पर्यायकोशास हे तत्त्व लावल्यास चार तक्ते पुरतात.

पहिला तक्ता संकल्पनांचा. त्यात शब्द नसतो. केवळ एक क्रमांक आणि व्याप्तिटीप असते. समजा, ज्वारी या पिकाला १०१ हा क्रमांक दिला.

दुसरा तक्ता शब्दांचा. 'ज्वारी', 'जोंधळा', 'जवारी', 'सोरघम' हे सर्व येथे स्वतंत्र ओळींत येतात. प्रत्येकासमोर १०१ हा क्रमांक, भाषा किंवा प्रदेश, आणि शब्द मान्य आहे की पर्यायी आहे याची खूण असते.

तिसरा तक्ता नात्यांचा. '१०१ ची व्यापक संकल्पना अमुक' अशी एकच ओळ लिहावयाची. उलट बाजूचे नाते यंत्र त्याच ओळीवरून सांगू शकते. ते वेगळे लिहावे लागत नाही.

चौथा तक्ता जोडणीचा. कोणता कागद कोणत्या संकल्पनेशी निगडित आहे, हे येथे क्रमांकांनी नोंदविले जाते. एका कागदाला अनेक संकल्पना जोडता येतात.

या रचनेचा लाभ सहज ध्यानात येईल. कागद शब्दाला बांधलेला नसून संकल्पनेच्या क्रमांकाला बांधलेला आहे. उद्या एखाद्या तालुक्यातील नवा बोलीशब्द आढळला, तर दुसऱ्या तक्त्यात एक ओळ वाढवावयाची. हजारो कागदांपैकी एकालाही हात लावावा लागत नाही. शासनाने मान्य संज्ञा बदलली, तर एक खूण इकडची तिकडे करावयाची. जुना शब्द पर्यायी म्हणून जागेवर राहतो व जुन्या सवयीने विचारणाऱ्यालाही उत्तर मिळते.

योजनांच्या नावांबाबत तर ही सोय अत्यावश्यक ठरते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिचा अधिनियम १९७७ चा. राष्ट्रीय पातळीवरील रोजगार हमीचा कायदा २००५ साली झाला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव जोडले गेले. या काळातील कागदांवर रोहयो, ईजीएस, नरेगा, मनरेगा अशी नावे विखुरलेली आहेत. राज्याची योजना व केंद्राचा कायदा या दोन संकल्पना असून त्यांना स्वतंत्र क्रमांक हवेत. त्या दोहोंवर 'रोजगार हमी' ही व्यापक संकल्पना हवी. असे केले म्हणजे एखाद्या सदस्याला आपल्या गावच्या पाझर तलावाचा जुना कागद शोधताना प्रत्येक काळातील नाव पाठ असण्याची गरज उरत नाही.

नियमांची राखण

तक्ते केले म्हणजे काम संपले असे नाही. काही नियम यंत्राकडून कसोशीने पाळून घ्यावे लागतात. एका संकल्पनेला एका भाषेत एकच मान्य संज्ञा असावी. कोणतीही संकल्पना फिरून स्वतःचीच व्यापक संकल्पना होऊ नये. व्यापक-सीमित हे नाते खऱ्या प्रकाराचे किंवा खऱ्या अंगाचेच असावे. 'सातबारा' हा नित्याचा शब्द घेतला तर तो गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, यांचा संयुक्त उतारा आहे. तेव्हा 'सातबारा' हा 'अधिकार अभिलेख' याचा निव्वळ पर्याय म्हणून नोंदविणे चूक ठरेल; तो संपूर्ण आणि हे दोन त्याचे भाग, असे नाते दाखविले पाहिजे.

व्यापक संज्ञेवरून तिच्याखालील सर्व पायऱ्या उतरत जाणे हे प्रारंभीच्या डेटाबेसना अवघड जाई. १९९९ साली 'एसक्यूएल' या प्रश्नभाषेच्या मानकात अशा पायरीपायरीने जाणाऱ्या प्रश्नांची तरतूद झाली. पर्यायकोशांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही बदल घडला. १९७४ चे पहिले मानक शब्दाला केंद्रस्थानी मानून लिहिलेले होते; २०११ साली आलेल्या नव्या मानकाने संकल्पना आणि शब्द यांत स्पष्ट भेद केला. दरम्यान २००९ मध्ये जागतिक वेब संघाने 'स्कॉस' नावाची पद्धत प्रमाणित केली. तिच्या साहाय्याने एका संस्थेचा पर्यायकोश दुसऱ्या संस्थेच्या पर्यायकोशाशी जोडता येतो.

ॲग्रोव्होकचा अनुभव

या सर्व अवस्थांतून गेलेला एक कोश म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'ॲग्रोव्होक'. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश भाषांत छापील स्वरूपात निघाला. जगभरच्या कृषिसाहित्याची सूची करण्यास एकच शब्दसंग्रह असावा, हा त्यामागील उद्देश होता. १९९० च्या दशकात छपाई थांबली आणि कोश तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये आला. २००९ च्या सुमारास तो 'स्कॉस' पद्धतीत उतरविण्यात आला. आज त्यात चाळीस हजारांहून अधिक संकल्पना आहेत आणि हिंदीसह चाळीसच्या आसपास भाषांतील शब्द त्यांना जोडलेले आहेत. संकल्पनेला क्रमांक देण्याचा विचार नसता, तर इतक्या भाषा एका कोशात नांदणे कठीण होते. कोणतीही एक भाषा इतरांची मालकीण न होता सर्व शब्द समान क्रमांकापाशी भेटतात, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

एक रास्त आक्षेप

येथे कोणी विचारील की, संगणक संपूर्ण मजकूर चाळून हवा तो शब्द शोधून देतो. मग कोशाचा खटाटोप कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, लेखातील साधे सुटे शब्द हे परिश्रमपूर्वक रचलेल्या नियंत्रित संज्ञांच्या तोडीस तोड ठरले होते. परंतु तो प्रयोग विमानशास्त्राच्या सुमारे १,४०० लेखांवर झाला होता. तेथे लिहिणारे आणि विचारणारे एकाच विद्येचे, एकाच परिभाषेचे होते. शासन आणि नागरिक यांच्यात अशी एकभाषा नसते. लिहिणारा शासकीय मराठीत लिहितो व विचारणारा आपल्या बोलीत विचारतो. जेथे हे अंतर मोठे, तेथे कोशाची गरजही मोठी. आजची संगणकप्रणाली समीपचे शब्द अनुमानाने ओळखू शकते, हेही खरे. परंतु ते अनुमान तिने वाचलेल्या मजकुरावर अवलंबून असते. जो बोलीशब्द कोणी कधी लिहिलाच नाही, तो तिला कोठून कळणार?

मराठीपुढील विशेष अडचणी

मराठी अभिलेखांना आणखी दोन अडचणी आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली लागू झाले. त्यापूर्वीच्या कागदांत 'गांव', 'कांहीं', 'नाहीं' अशी अनुस्वारयुक्त रूपे आढळतात. 'गाव' शोधणाऱ्याला 'गांव' सापडत नाही. ही जुनी रूपे शब्दांच्या तक्त्यात पर्यायी म्हणून नोंदविली तर अडचण दूर होते. दुसरी अडचण टंकाची. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी संगणकावर केलेले पुष्कळ मराठी टंकलेखन असे आहे की, पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केला पाहिजे. पर्यायकोश त्यानंतरच कामास येईल.

काय करता येईल

मान्य संज्ञांसाठी नव्याने आरंभ करण्याचे कारण नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश आणि विविध विषयांचे परिभाषा कोश हाताशी आहेत. तेथे मान्य संज्ञा मिळतात. उणीव आहे ती लोकांच्या शब्दांची आणि नात्यांची. ही उणीव मंत्रालयात बसून भरून निघणारी नाही.

शिक्षकांना या कामी मोठा वाव आहे. आपल्या परिसरातील पिके, किडी, गवते, मोजमापे, पाणवठे यांना घरोघरी कोणते शब्द आहेत, हे विद्यार्थ्यांकडून लिहवून घेता येते. एका वहीत चार रकाने आखले तरी पुरे: शब्द, अर्थ, गाव आणि त्याच अर्थाचा पुस्तकी शब्द. ही वही म्हणजे शब्दांच्या तक्त्याची कच्ची प्रतच होय. पंचायत सदस्यांनी आपल्या ग्रामपंचायतीच्या ठरावांना केवळ तारीख व क्रमांक न देता विषयसंज्ञा देण्याचा आग्रह धरावा. नळपाणी योजनेचा ठराव नेमका कोणत्या वर्षी झाला, हे ठाऊक नसले तरी तो विषयावरून सापडला पाहिजे.

अधिकाऱ्यांनी करावयाची एक गोष्ट अगदी अल्प खर्चाची आहे. शोध घेऊनही ज्या प्रश्नाला कागद सापडला नाही, तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत एका नोंदवहीत उतरवून घ्यावा. दर महिन्याच्या अखेरीस ती वही पाहावी. कागद खरोखरच नव्हता, की शब्द जुळला नाही, याचा निवाडा करावा. आणि शब्द जुळला नसेल तर तो पर्यायी शब्द म्हणून कोशात घालावा. असे केल्यास त्याच शब्दाने येणारा पुढचा माणूस रिकाम्या हाताने परतणार नाही. पर्यायकोश एकदा छापून कपाटात ठेवावयाची वस्तू नाही. कार्यालयाच्या खिडकीशी आलेल्या प्रत्येक नव्या शब्दाबरोबर तो वाढत गेला पाहिजे.

माहिती शोधण्याचे यंत्र कितीही वेगवान झाले, तरी 'जोंधळा' म्हणजेच 'ज्वारी' हे त्याला कोणीतरी सांगावेच लागते. हे सांगण्याचा अधिकार आणि ज्ञान गावोगावच्या लोकांपाशी आहे; ते व्यवस्थित नोंदवून घेण्याचे दायित्व शासनयंत्रणेकडे आहे. या दोहोंचा मेळ तालुक्याच्या पातळीवर घातला जावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.